दुर्बीण, कॅमेरा आणि मधले अंतर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या आकाशदर्शन शाखेच्या वतीने दिलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत आमच्या आकाशदर्शन शाखेला एक संध्याकाळ देण्यात आली, ह्याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. ह्याच व्यासपीठावरून आपण साहित्य आणि संगीत ह्यांवरील विचार ऐकले. त्यामानाने आमचा विषय फारच लहान आहे. नेमके सांगायचे तर तो पंधरा मिलिमीटरांचा आहे. परंतु त्या पंधरा मिलिमीटरांनी आमचे हिवाळ्यातले दोन महिने घेतले आणि स्मरणिकेसाठी आम्ही कबूल केलेले छायाचित्र हातचे जाण्याची वेळ आणली. म्हणून ती हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहोत.

दक्षिणेत आलेली मराठी मंडळी म्हटली की आपल्याला तंजावर आठवते. परंतु महाराष्ट्रातून इकडे दुर्बीणही आलेली आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्रा. नायगमवाला ह्यांनी भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने १८८८ साली वेधशाळा उभी केली. ती १९१२ साली बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत दाखल झाली. आपल्या मंडळाची दुर्बीण तिच्यापुढे अगदीच धाकटी. आठ इंच व्यासाची, श्मिट-कॅसेग्रेन जातीची, सभासदांच्या वर्गणीतून घेतलेली. तिच्यातून येथील मुलांनी शनीचे कडे पाहिले आणि आजीआजोबांनी चंद्रावरील विवरे पाहिली. छायाचित्र घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र अडचण उभी राहिली.

ह्या दुर्बिणीचे नाभीय अंतर २०३२ मि.मी. आहे. नाभीय अंतराला सुमारे एकशे दहाने भागले की चंद्रबिंबाची प्रतिमा केवढी पडेल ते कळते. म्हणजे येथे ती साडेअठरा मिलिमीटर पडते. आमच्या कॅमेऱ्यातील सेन्सर २२.३ मि.मी. रुंद आणि १४.९ मि.मी. उंच. त्यात पुरा चंद्र मावत नाही, तर मृग नक्षत्रातील तेजोमेघ कोठून मावणार? हा तेजोमेघ म्हणजे एम ४२. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस तो अंधुक ठिपक्यासारखा दिसतो आणि आकाशात साधारण एक अंश जागा व्यापतो. स्मरणिकेच्या एका पानावर त्याचेच छायाचित्र द्यायचे आम्ही ठरविले होते.

ह्यावर उपाय म्हणजे नाभीय अंतर कमी करणारी भिंगांची जोडणी. तिला सर्वत्र 'रिड्यूसर' म्हणतात आणि आपणही तेच म्हणू. दुर्बिणीच्या मागच्या तोंडावर ती बसविली की नाभीय अंतर ०.६३ पट होते. २०३२ चे सुमारे १२८० मि.मी. होते. चंद्र साडेअकरा मिलिमीटरांत मावतो आणि चौकटीच्या लांब बाजूत एक अंश आकाश येते. शिवाय एफ/१० ची दुर्बीण एफ/६.३ ची होते. म्हणजे तेजोमेघासारख्या पसरट वस्तूचा प्रकाश सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर अडीच पट अधिक पडतो, आणि दहा मिनिटांचे काम चार मिनिटांत होते.

ही ०.६३ पट म्हणजे त्या भिंगावर कोरलेला कायमचा गुण आहे, अशी आमची समजूत होती. ती चूक होती. हा आकडा रिड्यूसर आणि सेन्सर ह्यांच्यामधील अंतरावर अवलंबून असतो. रिड्यूसरच्या स्वतःच्या नाभीय अंतराने ह्या मधल्या अंतराला भागावे आणि तो भागाकार एकातून वजा करावा. उरते ती पट. समजुतीपुरते रिड्यूसरचे नाभीय अंतर २८० मि.मी. धरू. सेन्सर १०५ मि.मी. दूर ठेवला तर पट ०.६२५ येते. तो १२० वर नेला तर ०.५७ येते आणि ९० वर आणला तर ०.६८. केवळ पट बदलती तरी आम्ही चालवून घेतले असते. परंतु हेच भिंग चौकटीच्या कडांचे तारेही सपाट प्रतलावर आणते, आणि ते काम एका ठराविक अंतरावरच नीट होते. आमच्या रिड्यूसरसाठी ते अंतर १०५ मि.मी. सांगितलेले आहे.

डिसेंबरच्या अमावास्येला आम्ही कोइमतूरहून निलगिरीत कोटगिरीजवळ गेलो. रात्रभर कुडकुडत साठ छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो मधला तेजोमेघ सुरेख, आणि चारही कोपऱ्यांतील तारे लांबट. रांगोळीच्या वर्तुळावर ठिपके ओढले जावेत तसे ते चौकटीच्या मध्याभोवती वळलेले होते. प्रथम आम्ही दुर्बीण फिरविणाऱ्या यंत्राला दोष दिला. परंतु यंत्र चुकले असते तर सगळे तारे एकाच दिशेने ताणले गेले असते. कॅमेरा तिरका बसला असता तर एकच बाजू बिघडली असती. येथे चारही कोपरे सारखेच बिघडले होते. दोष अंतराचाच होता.

मग आम्ही हिशेब मांडला. रिड्यूसरमागची नळी ५० मि.मी. कॅमेऱ्याच्या तोंडापासून सेन्सरपर्यंत ४४ आणि त्या तोंडावरील कडे ११, असे मिळून ५५. हे झाले नेमके १०५. परंतु शहराच्या दिव्यांचा उजेड गाळणारी काच बसविण्यासाठी मध्ये एक खाचेची पेटी घातली होती, ती १५ मि.मी. जाडीची. एकूण १२०. पेटी घालताना तिची जाडी कोणीही मोजली नव्हती.

चूक कळल्याच्या आनंदात दुसरी चूक झाली. बाजारात २० मि.मी. ची तयार नळी मिळाली, ती 'जवळपास चालेल' म्हणून आम्ही घेतली. वीस, पंधरा आणि पंचावन्न मिळून नव्वद होतात. ही बेरीज जानेवारीच्या अमावास्येपूर्वी कोणी केली असती तर कोटगिरीची दुसरी फेरी वाचली असती. ह्या खेपेस कोपऱ्यांतील तारे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्यापासून बाहेर ताणले गेले. त्यातून एक खूण मात्र पक्की झाली, ती लक्षात ठेवावी. बहुतेक रिड्यूसरांत तारे मध्याभोवती वळले तर सेन्सर फार दूर आहे, आणि आऱ्यांसारखे ताणले तर फार जवळ आहे.

स्मरणिका छापखान्यात जायला महिना उरला होता. मंडळाच्या बैठकीत आम्ही मान खाली घालून बसलो असता गलाईचा व्यवसाय करणारे आपले एक काका पुढे आले. विटा-खानापूर-आटपाडी भागातून येऊन सोने शुद्ध करण्याचे काम करणारी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत, हे आपण जाणताच. काकांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पोरांनो, तुम्ही मोजलंत कशानं?" आम्ही शालेय पट्टीने मोजले होते. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली व्हर्निअर कॅलिपर पाठविली.

त्या कॅलिपरने आम्ही प्रत्येक भाग पुन्हा मोजला. मोजताना बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी धरायची नाही, कारण ती दुसऱ्या भागात शिरते. खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजायचे. सेन्सर कोठे आहे, हे दाखविणारी खूण कॅमेऱ्याच्या माथ्यावर असते; लहानसे वर्तुळ आणि त्यातून जाणारी रेघ. आणखी एक गोष्ट तेव्हाच उमगली. रिड्यूसरच्या मागे काच बसविली की प्रकाशकिरण काचेच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश पुढे जाऊन एकत्र येतात, म्हणून अंतर तेवढेच वाढवावे लागते. आमची काच दोन मि.मी. जाडीची, म्हणजे वाढ ०.७. हवे असलेले अंतर १०५.७. त्यातून पेटीचे १५ आणि कॅमेऱ्याचे ५५ वजा करता नळी ३५.७ मि.मी. ची हवी होती. अशी नळी बाजारात मिळत नव्हती.

परंतु आपण कोइमतूरला राहतो. पंपांच्या आणि सूतगिरण्यांच्या यंत्रांच्या ह्या गावात लेथ चालविणाऱ्यांना तोटा नाही. एका कारागीर अण्णांनी ॲल्युमिनियमचा तुकडा लेथवर चढविला. एका तोंडाला दोन इंच व्यासाचे, इंचात चोवीस आटे. दुसऱ्याला ४२ मि.मी. व्यासाचे आटे. त्यांनीच आम्हांला थांबवून विचारले, की ह्या आट्यांमधील अंतर पाऊण मिलिमीटर की एक? जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे ह्याच व्यासाची असतात, पण त्यांचे आटे एक मिलिमीटरचे. आम्हांला हवे होते पाऊण. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात आणि दोन फेऱ्यांनंतर अडकून बसतात. अण्णांनी विचारले नसते तर तिसरी अमावास्याही गेली असती. नळी तयार झाल्यावर त्यांनी ती कॅलिपरवर धरून दाखविली, ३५.७.

फेब्रुवारीच्या अमावास्येला आम्ही तिसऱ्यांदा कोटगिरीस गेलो. ह्या खेपेस काकाही बरोबर आले. पहिले छायाचित्र पडद्यावर मोठे करून आम्ही तेजोमेघाकडे पाहिलेच नाही, चारही कोपरे पाहिले. तारे ठिपक्यांसारखे गोल होते. ताऱ्यांच्या मांडणीवरून नाभीय अंतर सांगणाऱ्या संगणकी कार्यक्रमाने १२८० च्या जवळचाच आकडा दिला. तरी एक सांगितले पाहिजे. ह्या जातीच्या दुर्बिणीत आरसा पुढेमागे करून प्रतिमा स्पष्ट करतात, त्यामुळे तो आकडा थोडा हलतो. आकडा जुळला एवढ्यावर समाधान मानू नये. कोपऱ्यातला तारा हाच खरा साक्षीदार. तो अजूनही लांबट असेल तर अर्ध्या-एक मिलिमीटरच्या पातळ चकत्या घालून वा काढून पाहावे, आणि एका वेळी एकच बदल करावा.

ते छायाचित्र ह्या स्मरणिकेत आले आहे. त्याखाली आमच्या शाखेचे नाव छापले असले तरी कॅलिपर काकांची आणि नळी अण्णांच्या हातची आहे, हे येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

भिंग उत्तम, कॅमेरा उत्तम, मग मधली रिकामी जागा कोण मोजतो, असे आम्हांला वाटत होते. ती जागा रिकामी नसते. दुर्बिणीचा तोही एक भाग आहे, आणि भिंगाइतक्याच काळजीने तो घडवावा लागतो. आपल्यापैकी कोणाच्या मुलाला वा मुलीला हा छंद लागला तर महागडे भिंग घेण्याआधी तिला एक चांगली कॅलिपर घेऊन द्या. आणि पुढच्या अमावास्येला आमच्याबरोबर कोटगिरीला पाठवा. स्वेटर मात्र विसरू नका.