जुना फळा, नवी वाट



शाळा आम्हाला फारशी लाभली नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावरच्या फळ्यापाशी. फळा ज्याच्या हाती, त्याचेच म्हणणे लोकांपुढे जाते, हा तिथला पहिला धडा. आज ज्या फळ्याविषयी बोलायचे आहे तो अमेरिकेतला.

१९७८ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोन हौशी गृहस्थांनी छोट्या संगणकाला टेलिफोन जोडला आणि सार्वजनिक सूचनाफलक सुरू केला. कोणीही फोन लावावा, इतरांचे निरोप वाचावेत, आपला लिहून ठेवावा. तार एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस आत. पुढे १९८२ साली निघालेल्या कमोडोर ६४ वरही असे फलक चालले. इंटरनेट आले आणि बहुतेक फलक बंद पडले.

काही मंडळी ती यंत्रे आता इंटरनेटला जोडतात. अवघ्या ६४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राला ही नवी भाषा शिकवीत बसण्यापेक्षा मध्ये एक दुभाषा ठेवणे सोपे. वायफायची चिप बसवलेली एक लहानशी पेटी जुन्या मोडेमचे सोंग घेते. बाहेरून कोणी आला की ती संगणकाला 'रिंग' हा शब्द पाठवते. संगणकाला वाटते, फोनच वाजला. तो उचलतो आणि बोलणे सुरू होते. बाहेर जायचे असेल तर फोन नंबराच्या जागी इंटरनेटवरचा पत्ता द्यायचा, इतकेच.

मात्र उघड्या दाराला राखणदार हवा. टेलनेट या जुन्या रीतीने जाणारे शब्द वाटेत कोणालाही वाचता येतात. तेव्हा इतरत्र वापरातला परवलीचा शब्द तिथे देऊ नये. शिवाय दारे ठोठावीत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम ती एकुलती खुर्ची अडवून बसतात. म्हणून आलेल्याने आधी एखादी कळ दाबून आपण माणूस असल्याची खूण पटवावी, असा नियम काही ठिकाणी असतो.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे: तार पूर्वीही टेलिफोन कंपनीची होती, आजही वाट भाड्याचीच आहे. परंतु फळा घरातल्या टेबलावर आहे. त्यावर काय राहावे आणि काय पुसावे, हे तो चालवणारा ठरवतो. कामगाराला या गोष्टीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.