माशांचे वर्ष आणि सरकारचे वर्ष

(नभोवाणीवरील भाषण)

मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत रावस मागविला, तर पदार्थांच्या यादीत त्याचे नाव कित्येकदा ‘इंडियन सॅमन’ असे छापलेले आढळते. वस्तुतः रावस आणि सॅमन यांचे कूळ एक नाही व गोत्रही एक नाही. खऱ्या सॅमनची वसती थंड देशांतील नद्यांत व समुद्रांत. तो नदीच्या वरच्या अंगाला, गोड पाण्यातील खडीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदी चढून येतो. आपल्या खाड्यांतही असाच एक प्रवासी आहे. रायगडाकडे त्यास जिताडा म्हणतात व आमच्या आणि गोव्याच्या बाजूस चोणक म्हणतात. त्याचा क्रम मात्र उलटा आहे. तो अंडी घालतो नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिले भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांच्या आश्रयाने वाढतात, काही गोड्या पाण्यापर्यंत जातात आणि मोठी झाल्यावर पुन्हा मुखाकडे उतरतात. सॅमनला काय किंवा चोणकाला काय, वाट मोकळी लागते आणि बालपणी आसरा लागतो.

हा आसरा मोडला असता तो सार्वजनिक पैशाने पुन्हा उभा करता येतो काय, आणि करावयाचा झाल्यास त्या पैशाचा कारभार कसा असावा, हा आजचा विषय. मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेत घालविलेला एक शिक्षक आहे. परंतु अशा पैशाचा हिशेब लिहिण्याचे काम एकदा माझ्याकडे आले होते. त्या कामात मजकडून जी चूक घडली, ती सांगण्यासाठीच मी आज आपणापुढे बोलत आहे.

प्रथम आमच्या नदीविषयी दोन शब्द. तेरेखोल नदी मनोहरगडाच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते, बांद्यावरून वाहत येते, आरोंद्याशी तिचे पात्र विस्तारते आणि तेरेखोलच्या किल्ल्याजवळ ती समुद्रास मिळते. किरणपाणीच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर दिसतो तो गोवा. दोन्ही काठांना तिवर, कांदळ आणि चिप्पी यांची झाडी आहे. कांदळाचे बीज झाडावरच अंकुरते व मग खाली पडून चिखलात रुजते, हे मी मुलांना काठावर नेऊन दाखवीत असे. या झाडीच्या मुळांत शेवटो, काळुंदर, तांबोशी, कोळंबी आणि कुर्ल्या यांची बाळे वाढतात. म्हणून कोळी लोक त्या झाडीकडे निव्वळ सरपण म्हणून पाहत नाहीत. ती उद्याच्या जाळ्याची ठेव आहे, हे त्यांस ठाऊक असते.

आता दूर देशीचे उदाहरण पाहू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅमन धरणांनी, जंगलतोडीने आणि रस्त्यांखालच्या अरुंद मोऱ्यांनी इतका रोडावला, की वॉशिंग्टन राज्याने १९९९ साली कायदा करून केवळ सॅमनच्या पुनरुज्जीवनासाठी निधी वाटणारे एक मंडळ नेमले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, तेथील मध्यवर्ती सरकारनेही किनाऱ्यावरील राज्यांसाठी व मूळ रहिवाशांच्या जमातींसाठी स्वतंत्र निधी उभारला. त्या मंडळाच्या कारभारातील दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. एक म्हणजे कोणते काम आधी करावे याचा क्रम त्या त्या नदीखोऱ्यातील लोक लावतात. प्रस्ताव जाणकारांच्या समितीकडे जातो, तसाच स्थानिक नागरिकांच्या समितीकडेही जातो. अशा दोन चाळण्या लागल्यानंतरच तो मंडळापुढे येतो. दुसरी गोष्ट अशी, की पैसा मागणाऱ्याने पूर्वी सामान्यतः पंधरा टक्के वाटा स्वतः उचलावयाचा असे, आणि तो रोख रकमेतच हवा असे नव्हते. अंगमेहनत आणि दान दिलेली जमीन याही त्यात धरत.

आपल्याकडेही या दिशेने पावले पडली आहेत. महाराष्ट्राने २०१२ साली वन विभागात कांदळवन कक्ष स्थापिला. २०१७ साली कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू झाली. तिच्या अन्वये खाडीकाठच्या गावांत सहव्यवस्थापन समित्या बनल्या आणि कुर्लीपालन, कालवेपालन, जिताडापालन, निसर्गपर्यटन यांना साहाय्य मिळू लागले. सामूहिक कामास नव्वद टक्के सरकारचे आणि दहा टक्के गटाचे, वैयक्तिक कामास पंचाहत्तर आणि पंचवीस, अशी विभागणी ठरली. २०१८ साली जागतिक हरित हवामान निधीने आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र यांच्या किनाऱ्यांसाठी सुमारे ४ कोटी ३४ लक्ष डॉलरचे अनुदान मंजूर केले. त्यात आपला सिंधुदुर्गही आला. २०२० साली तर पांढऱ्या चिप्पीस महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. तेव्हा पैसा नाही आणि सरकारला आस्था नाही, ही जुनी तक्रार येथे पुरती लागू पडत नाही. अडचण पैसा आल्यानंतर सुरू होते.

ती कशी, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. गावाचे व खात्याचे नाव घेत नाही, कारण दोष मुख्यतः माझा होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी एका खाडीकाठच्या शाळेत होतो. अक्षर बरे व हिशेब चोख, म्हणून लागवडीच्या समितीचे चिटणीसपद मजकडे आले. अनुदान हाती पडले फेब्रुवारीच्या अखेरीस, आणि एकतीस मार्चच्या आत ते खर्ची पडले पाहिजे, अशी आज्ञा झाली. जागा नकाशावर आधीच ठरली होती. खाडीच्या वळणावरील उघडा, सपाट चिखल. ओहोटीला तो लांबरुंद आणि अगदी मोकळा दिसे. सभेत एक वृद्ध कोळीण मागून उठून म्हणाली, “मास्तरानू, हयसर आमच्या आज्यानं पण कधी कांदळ बघूक नाय. हयसर आमी तिसरे काढतव.” कोणी हसले, कोणी पुढचा विषय काढला. मी इतिवृत्त लिहीत होतो. ते वाक्य मी लिहिले नाही. जागा मंजूर झालेली, मुदत तोंडावर आलेली. लिहून उपयोग काय, असे मनाशी म्हटले.

मार्चच्या उन्हात रोपे लागली. मी ओळी मोजल्या, बेरीज केली आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली. दाखल्यात एक अंकही खोटा नव्हता. जितकी लिहिली तितकी रोपे त्या दिवशी चिखलात उभी होती. आषाढात मी पुन्हा तेथे गेलो, तेव्हा लाटांनी आणि शेवाळाने रोपे नेली होती, नुसत्या बांबूच्या काठ्या उरल्या होत्या. आणि त्या काठ्या चुकवीत, वाकून, तीच वृद्धा तिसऱ्या शोधीत होती. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

अशी फजिती केवळ आमचीच झाली, असे नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कांदळांची लागवड झाली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा तिचा जेमतेम पाचवा हिस्सा यशस्वी ठरला होता. कारण बहुधा हेच असते. जी जागा कोणाच्या मालकीची नाही आणि मोकळी दिसते, ती लागवडीला सोपी पडते. परंतु भरतीचे पाणी तेथे किती वेळ तुंबते, लाट केवढी येते, हे न पाहता रोप लाविले तर ते तगत नाही. खाडीतील चिखल ओसाड दिसला तरी त्यावर कोणाची तरी चूल पेटत असते.

पुढल्या वर्षी त्याच गावी एक लहानसे काम झाले. एका पडीक खाजणाचे तोंड जुन्या बांधाने बुजले होते, आणि उघाडी मोडून गाळाने भरली होती. जमीनमालकांची लेखी संमती घेऊन गावकऱ्यांनी श्रमदानाने तो गाळ उपसला. भरती पुन्हा आत खेळू लागली. दोन पावसाळे गेले, तो पाण्याबरोबर वाहत आलेल्या बियांतून तिवर आणि कांदळ आपोआप उठले आणि चिमुकल्या माशांचे थवे आत शिरू लागले. अमेरिकेतही सॅमनसाठी अरुंद मोऱ्या काढून रुंद करण्यावर मोठा खर्च होतो, त्यातील तत्त्व हेच. पाण्याची वाट मोकळी केली की उरलेले पुष्कळसे काम निसर्ग करतो. मात्र आमच्या हिशेबवहीत ‘लागवड’ असा रकाना होता, ‘वाट मोकळी करणे’ असा नव्हता. म्हणून ज्या कामाने रान उठले त्याची नोंद सरकारदरबारी कोठेच नाही, आणि ज्या कामाने काठ्या उरल्या त्याचा दाखला माझ्या सहीने सुरक्षित आहे.

श्रोतेहो, शाळेत आम्ही दोन आकडे ठेवतो. एक पटावरील मुलांचा आणि दुसरा हजेरीचा. पटावर शंभर नावे असली, म्हणून शंभर मुले शिकली असे कोणी शहाणा म्हणणार नाही. लावलेली रोपे हा पट झाला. तीन वर्षांनी उभी असलेली झाडे ही हजेरी. सार्वजनिक पैशाचा हिशेब हजेरीवर व्हावा. यासाठी माझ्या अल्पमतीस सुचलेल्या चार सूचना आपणापुढे ठेवतो.

पहिली सूचना अशी, की जागा ठरण्यापूर्वी तेथे रोज जाणाऱ्यांची, विशेषतः तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायांची साक्ष घ्यावी, आणि ती इतिवृत्तात शब्दशः लिहावी. विरुद्ध असली तर अवश्य लिहावी.

दुसरी, सर्व रक्कम एकाच मार्चमध्ये संपविण्याची सक्ती नसावी. चोणक प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते, असे शास्त्रज्ञ सांगतात. ज्या जिवाला पूर्णत्वास येण्यास इतकी वर्षे लागतात, त्याच्या घराचा हिशेब बारा महिन्यांत कसा मिटेल? तिसऱ्या वर्षीचा हप्ता राखून ठेवावा, आणि तो जगलेल्या झाडांची मोजणी पाहूनच द्यावा.

तिसरी, गावाचा वाटा असावा, परंतु गरिबाचे श्रम हीही रक्कम धरावी. नाही तर रोख दहा टक्के ज्याच्या गाठी आहेत त्याचाच गट बनतो. वेंगुर्ल्यास मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया २०१७ पासून होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या. झाडी उभी राहण्यात ज्यांची रोजी आहे, त्यांच्याहून चांगला राखणदार कोणते खाते नेमू शकेल?

चौथी, नदीचा विचार दोन्ही काठ मिळून व्हावा. आमच्या नदीचा एक काठ महाराष्ट्राचा आणि दुसरा गोव्याचा. योजना पात्राच्या मध्यावर येऊन थांबते. मासा थांबत नाही. दोन राज्यांच्या समित्यांनी वर्षातून एकदा किरणपाणीच्या धक्क्यावर एकत्र बसावे, यास मोठा खर्च येणार नाही.

मी आता निवृत्त होऊन आरोंद्यास परतलो आहे. संध्याकाळी नदीकाठी फिरावयास जातो, तेव्हा त्या वृद्धेचे वाक्य मला आठवते. परवाच मी एका कोऱ्या वहीत ते तारखेसह लिहून काढले. उशिरा लिहिले, हे खरे. परंतु जे चिटणीस आज कोठे तरी अशाच सभेत इतिवृत्त लिहीत बसले असतील, त्यांना एवढीच विनंती करतो, की मागून कोणी उठून बोलू लागले, तर लेखणी खाली ठेवू नका.