बॅटरी मेली, की उपाशी राहिली?

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आज इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोलायचं आम्ही ठरवलंय. पिंपळे गुरव, कासारवाडी, दापोडी, नवी सांगवी या आपल्या पट्ट्यात आता घरोघरी इन्व्हर्टर दिसतो. कुणाचं शिवणकाम आहे, कुणाचं पार्लर, कुणी भोसरी-चाकणच्या कंपन्यांचं पॅकिंगचं काम घरी आणतं. गुरुवारी महावितरणचं दुरुस्तीचं काम निघालं, की सगळा दिवस त्या एका डब्यावर काढायचा असतो. तो डबा अर्ध्या तासात पीं-पीं करून बंद पडला, की उत्तर ठरलेलं: "बॅटरी गेली ताई, नवी घ्या." म्हणजे पंधरा हजारांच्या घरातला खर्च. गटाकडे येणाऱ्या कर्जाच्या अर्जांत हे कारण आम्हाला पुन्हा पुन्हा दिसायला लागलं, तेव्हा आम्ही त्याच्या मागे लागलो.

आपल्याच गटांच्या एका शिवणकेंद्राचं उदाहरण घेऊ. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर हातात, बॅटरी १५० अँपिअर-अवरची, घेऊन दोनच वर्षं झालेली. आधी दोन तास चालायची, ती वीस मिनिटांवर आली. मेकॅनिक आला, वरवर पाहिलं आणि नव्या बॅटरीचा भाव सांगून गेला. मापायचं यंत्र त्याने पिशवीतून काढलंसुद्धा नाही, हे आम्हाला खटकलं.

आता थोडं गोव्याला जाऊ. दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली 'तारिणी' ही नौदलाची ५६ फुटी शिडाची नौका तुम्ही ऐकून असाल. २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच ती घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २९ मे २०२५ ला मुरगाव बंदरात परतल्या. वाटेत थांबे चारच: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. जानेवारीच्या अखेरीस त्या पॅसिफिकमधल्या 'पॉइंट नेमो'वरून गेल्या. तिथून सगळ्यात जवळची जमीनसुद्धा २,६८८ किलोमीटर लांब आहे.

शिडाची नौका वाऱ्यावर चालते, मग बॅटरी कशाला, असं वाटेल. पण दिवे, रेडिओ, उपग्रहाचा फोन, वाट दाखवणारा पडदा, सुकाणू धरून ठेवणारं यंत्र, हे सगळं बॅटरीवरच असतं. आणि बॅटरी भरायला सौर पॅनेल किंवा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. बॅटरी भरेना, तर तिथे मेकॅनिक कुठून आणायचा? त्यामुळे शिडाच्या नौकांवर एक क्रम पाळतात: आधी उगम, मग वाट, मग बॅटरी, आणि शेवटी खर्चाचा हिशेब. पॅनेलवर शिडाची सावली पडत नाही ना? अल्टरनेटरचा पट्टा सैल होऊन घसरत नाही ना? तारेचा सांधा खाऱ्या हवेने गंजला नाही ना? एवढं झाल्यावरच बॅटरीवर संशय घ्यायचा. हाच क्रम आम्ही शिवणकेंद्रात लावून पाहिला.

उगम म्हणजे भिंतीचा सॉकेट. केंद्रातल्या मैत्रिणी संध्याकाळी सहाला निघताना सगळी बटणं बंद करायच्या, त्यात इन्व्हर्टरचंही. वीज वाचते, आगीची भीती नाही, विचार चांगलाच. पण सॉकेट बंद म्हणजे चार्जिंग बंद. सकाळी दहाला उघडेपर्यंत सोळा तास बॅटरीच्या पोटात काही नाही.

याचा हिशेब मांडू, आपल्याला जमाखर्च नवा नाही. चार एलईडी नळ्या मिळून ८० वॅट, दोन पंखे १४०, घरगुती मशीनच्या दोन मोटरी २००. एकूण ४२० वॅट. याला बॅटरीच्या १२ व्होल्टने भागलं की ३५ अँपिअर, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, म्हणून ४० धरू. दोन तास वीज नसली, की ८० अँपिअर-अवर गेले, म्हणजे अर्ध्याहून जास्त बॅटरी. (कारखान्यातल्या मोठ्या मोटरची मशीन यावर लावूच नका.) परत भरताना चार्जर तासाला फार तर १५ देतो. काढलं त्यापेक्षा थोडं जास्तच भरावं लागतं, आणि शेवटचा भाग फार हळू भरतो, म्हणून आठ-दहा तास धरा. दुपारी दोन ते चार वीज गेली आणि सहाला सॉकेट बंद, तर दोनच तास मिळाले. दुसऱ्या दिवशी बॅटरी अर्ध्या पोटीच कामाला लागते. महिनोन् महिने असं चाललं, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि मग पोटभर दिलं तरी ती घेत नाही.

पण याने वीस मिनिटांचं कोडं सुटत नव्हतं. ते सुटलं वाटेवर. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर पांढरा-हिरवा भुगा साठला होता आणि बोल्ट बोटाने हलत होता. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर आम्ही गटात आणलाय, तो डीसी व्होल्टवर ठेवला. चार्जिंग चालू असताना एक टोक शिशाच्या खुंटीवर, दुसरं त्याच खुंटीवर बसवलेल्या वायरच्या लगवर. सांधा चांगला असेल तर आकडा जवळजवळ शून्य येतो. इथे अर्धा व्होल्ट आला.

अर्धा व्होल्ट ऐकायला काहीच नाही. पण चार्जरला तो अर्धा व्होल्ट बॅटरीत गेल्यासारखा वाटतो, आणि बॅटरी भरली असं समजून तो हात आखडतो. उलट बाजूने आणखी वाईट. चार्जिंगला १२ अँपिअर जातात, कामाला ४० निघतात, म्हणजे तिपटीहून जास्त. त्याच सांध्यावर आता दीड व्होल्टच्या वर गळतात. बॅटरीत जीव असतो, पण इन्व्हर्टरला ती संपल्यासारखी दिसते आणि तो पीं-पीं करून बंद पडतो. मेकॅनिकने वाचली ती हीच खूण, फक्त तिच्या मागे काय आहे ते पाहिलं नाही.

सांधा साफ करणं घरी जमतं, पण इथे जरा नीट ऐका. हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण दोन टोकांवर पाना किंवा बांगडी आडवी पडली, तर ती क्षणात लाल होते. डोळ्यांवर चष्मा हवा. आधी इन्व्हर्टर आणि सॉकेट दोन्ही बंद. मग निगेटिव्हची वायर पहिली सोडायची, लावताना ती शेवटी. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने भुगा घासायचा, पाणी भरायच्या तोंडांची झाकणं घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर बॅटरी खरंच जाईल. पुसून, कोरडं करून, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. इन्व्हर्टरचा डबा मात्र उघडायचा नाही, आत २३० व्होल्ट असतात.

आणखी एक. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेटतो. खंडेनवमीला आपण मशीनबरोबर इन्व्हर्टरचीही पूजा करतो. हळदकुंकू खुशाल वाहा, निरांजन आणि उदबत्ती मात्र दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. बॅटरी बंद कपाटात कोंडूनही ठेवू नका.

आता बॅटरीकडे. पाण्याचे दट्ट्या-खुणा खाली गेल्या असतील, तर चार्जिंग झाल्यावर बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर घाला, खुणेपर्यंतच. नळाचं नको, फिल्टरचंही नको. ॲसिड तर कधीच नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. मग रात्रभर पूर्ण चार्ज करा, चार्जिंग आणि काम दोन्ही बंद ठेवा, तीन-चार तासांनी मापा. १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, ११.९ च्या खाली जवळजवळ रिकामी. बॅटरीत सहा घरं असतात, एकेकाचे सुमारे २.१ व्होल्ट. पूर्ण चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला, तर एक घर बसलंय. दुकानदाराकडे हायड्रोमीटर असतो, त्याने सहाही घरं तपासायला लावा. पाच सारखी आणि एक फार खाली असेल, तर नवी घ्यायला हरकत नाही, पण आधी वॉरंटीचं कार्ड शोधा. आणि तो आकडा तुमच्यासमोर वहीत लिहून घ्या. यात संकोच कसला, पैसे आपले आहेत.

शिवणकेंद्राची बॅटरी १२.५ वर आली. सांधा साफ झाला, इन्व्हर्टरचं बटण रात्री चालू ठेवायचं ठरलं आणि त्यावर लाल टिकली चिकटवली. तीन-चार दिवसांनी गुरुवार आला, तेव्हा पंखा एकच लावला, मशीन दोन्ही, आणि बॅटरी पावणेदोन तास पुरली. नवीसारखी ती आता होणार नाही, सल्फेटने थोडं खाल्लंच आहे. पण गणवेश वेळेत गेले आणि कर्जाचा अर्ज मागे घेतला.

ज्यांची बॅटरी खरोखर संपली असेल, त्यांनी ती दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यात कित्येक किलो शिसं असतं, फोडली की ॲसिड गटारात जातं आणि आपल्याकडे गटार शेवटी पवनेला मिळतं. नवी घेताना जुनी विक्रेत्यालाच परत द्या, तिचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. ई-स्कूटरच्या लिथियम बॅटरीला यातलं काहीच लागू नाही, तिला घरी हात लावायचा नाही.

गटाचा मल्टिमीटर फिरता ठेवलाय. ज्या गटाला हवा असेल, त्यांनी मासिक बैठकीत नाव लिहून न्यावा आणि आपल्या बॅटरीचा आकडा त्याच वहीत तारखेसह मांडावा.