पत्राला न्यायाधीश, ई-मेलला फौजदार?
(विभागीय मेळाव्यातील भाषण)



टपालाची सीलबंद थैली वर्षानुवर्षे आमच्याच गाड्यांतून गेली. ती वाटेत फोडायची नाही, हे टपाल आणि रेल्वे कामगाराच्या अंगवळणी पडले आहे. आज पत्राची जागा मोबाईलवरच्या संदेशाने घेतली. युनियनची सभा, निदर्शनाची वेळ, साहेबाविरुद्धची तक्रार, सारे तिथेच साठते. आम्ही विचारतो, त्या साठ्याला सील कोणते?

कायदा पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. टपाल खात्याच्या ताब्यातले पत्र तपासासाठी हवे असेल, तर कलम ९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचा आदेश लागतो. पण कंपनीकडे साठलेला ई-मेल हवा असेल, तर कलम ९४ खाली पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी हुकूमही पुरतो. मजकूर तोच, कुलूप मात्र वेगळे!

सरकारच्या हाती आणखी एक किल्ली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ खाली संगणकात साठलेला मजकूर पाहता येतो. २००९ च्या नियमांप्रमाणे त्याला साधारणपणे गृहसचिवांचा सकारण लेखी आदेश लागतो. मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. आढावा घेणारी समितीही अधिकाऱ्यांचीच. न्यायाधीश कुठेच नाही.

जे संरक्षण आहे तेही कुणी ताटात वाढलेले नाही. १९८६ साली पत्रे अडवण्याचे अधिकार वाढवणारे टपाल विधेयक संसदेत मंजूर झाले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि २००२ मध्ये ते मागे घेतले गेले. फोन चोरून ऐकण्याविरुद्ध पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना न्यायालयात गेली, तेव्हा १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारवर बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

गुन्ह्याच्या तपासाला आमचा विरोध नाही. पण साठलेल्या संदेशालाही पत्राइतकेच संरक्षण हवे, न्यायालयाच्या आदेशाशिवाय तो उघडू नये, ही आमची मागणी आहे. प्रत्येक शाखेने तसा ठराव करून पाठवावा. आणि टपालातल्या साथींनो, कुणी तोंडी सांगितले म्हणून कुणाचे पत्र हातावेगळे करू नका. लेखी आदेश मागा, त्याची नोंद ठेवा. दुसऱ्याच्या पत्राची राखण करणाऱ्यालाच आपल्या संदेशाचा हक्क ठामपणे मागता येतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!