करार पक्का, काम टप्प्याटप्प्यानं



‘अजाइल’ म्हणजे चपळ; हा शब्द काढला की पुण्या-बेंगळुरूचे आयटीवाले डोळ्यांपुढं येतात. सोयाबीन-तुरीच्या आपल्या वाशीम जिल्ह्यात त्याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात 17 सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी ‘अजाइल’चा एक छोटेखानी जाहीरनामा काढला. कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाबरोबर मिळून काम करणं मोलाचं, हे त्यातलं एक सूत्र. करार नकोच, असं मात्र ते म्हणत नाहीत.

आता आपल्याकडचं बीजोत्पादन बघा. अकोल्याचं महाबीज, म्हणजे राज्याचं बियाणे महामंडळ, 1976 पासून हे काम करतं, आणि त्याचा माल पिकतो बाहेरच्या माणसाच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या वावरात. सोयाबीनच्या प्लॉटची नोंदणी होते, शेजारच्या दुसऱ्या वाणापासून अंतर राखलं जातं, फुलोऱ्यात तपासणी होते. जांभळ्या फुलांच्या वाणात पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की तिथंच उपटायचं. पोतं भरल्यावर ती भेसळ कोण निवडणार? पुढं कापणीआधी पुन्हा पाहणी, मग प्रक्रिया, शेवटी प्रयोगशाळेत किमान 70 टक्के उगवण. चूक दिसते तेव्हाच ती धरायची, हे अजाइलचं अर्धं शास्त्र आपल्याला ठाऊक आहे.

उरलेलं अर्धं, म्हणजे बदलाप्रमाणे वळणं, अवघड आहे. बियाण्याचा निकष हलत नाही. बाजारातली मागणी हलते. समजा, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला तूरडाळ पाकिटात विकायची आहे. छापील पाकिटासाठी आधी छपाईचे सिलिंडर बनवावे लागतात आणि छापणारा थोडक्या मालाला हात लावत नाही. म्हणून पहिला लॉट साध्या पाकिटावर स्टिकर लावून विका. अर्धा किलो खपतं की एक किलो, ते कळू द्या. मग छपाईची ऑर्डर द्या. कंपनीत दर आठवड्याला पंधरा मिनिटं बसा: काय झालं, कुठं अडलं, पुढं काय. त्या बैठकीला पाकीटवाल्यालाही फोनवर घ्या.

पण मत बदलायची मुभा आपली आणि भुर्दंड पुरवठादाराचा, ही चपळाई नव्हे, चलाखी झाली. लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. टप्पे आखायचे आणि बिल मात्र सगळं संपल्यावर काढायचं, तर तो दुसऱ्या टप्प्यालाच दमेल.

तेव्हा पुढच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: न हलणारा दर्जा कोणता, नग आणि क्रम कुठवर बदलता येतील, आणि बदल झाला तर झालेल्या कामाचे पैसे कोण, किती दिवसांत देणार. तिसरी ओळ लिहिताना ज्याचा हात अडखळेल, त्यानं अजाइलचं नाव घेऊ नये.