आई शिकलेली नसली तरी

(सुरगाणा येथे पाड्यांवरच्या महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

बायांनो,

“आम्हीच अडाणी, पोराला काय शिकवणार?” असं तुमच्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात. मूल वाचनात मागे पडलं की दोषही आईच्याच माथी येतो. मला हे दोन्ही मान्य नाही.

वाचनाची सुरुवात बोलण्यापासून होते. ज्या मुलानं घरी गोष्टी ऐकल्या, ज्याच्या प्रश्नांना उत्तरं मिळाली, त्याला छापलेल्या शब्दाचा अर्थ लवकर लागतो. म्हणून गोष्टी सांगा, आणि आपल्या घरच्याच बोलीत सांगा. ती बोली अशुद्ध नाही. तिच्या आधारानंच मूल पुस्तकातल्या मराठीपर्यंत पोचतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. पानं, बिया, खडे हीच तिथली साधनं. ती आपल्याही दारात आहेत.

आता अक्षरं. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत थांबू नका. ओळखीचा शब्द घ्या, ‘नागली’. अंगणवाडीच्या ताईकडून लिहून घ्या, मुलाला राखेत बोटानं गिरवू द्या. न, ग, ल आणि काना कळला की ‘नाग’, ‘गाल’, ‘लाल’ ते आपणच वाचेल. तुम्ही शेजारी बसा आणि विचारा, “काय लिहिलंय? पुढं काय झालं?” ऐकायला अक्षर यावं लागत नाही.

पण पाणी, सरपण, शेत सांभाळून हे आणखी एक काम एकट्या आईवर नको. रोजची १५ मिनिटं बापानंही बसावं. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहत असेल, तर आधी तिचं पुस्तक उघडलं पाहिजे.

आणि द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे निघाल, तेव्हा बोचक्यात पुस्तकही बांधा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्यावरही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तिथल्या शाळेत जा, चौघी मिळून जा.

मुलाशेजारी बसून तुम्हीही ‘नागली’तला ‘न’ गिरवा. कोणी हसलं तर हसू दे. अंगठ्याऐवजी सही करायची वाट तिथूनच सुरू होते.