कॉइल गेली, असे लगेच म्हणू नका



सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरते, पण गाडी काही सुरू होत नाही. शेजारचा कोणी म्हणतो, "कॉइल गेली!" मालक बिचारा पैसे काढतो. नवी कॉइल बसते. गाडी तरीही उभीच. चालकाचा दिवस बुडाला, आणि चांगली कॉइल भंगारात गेली.

आज बोलायचे ते जुन्या पेट्रोल गाड्यांविषयी. ॲम्बेसेडरचे कारखान्यातले काम २०१४ साली थांबले, पण रस्त्यावर ती अजून दिसते. डिझेल गाडीत मात्र कॉइल नसतेच बरे का!

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, काहीशे फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट जाड तारेतून जातो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की तो तुटतो. तो तुटला, की बारीक तारेत हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगशी ठिणगी पडते. करंट नुसता वाहून ठिणगी पडत नाही. तो झटकन तुटावा लागतो.

आता तपासू. आधी पेट्रोल कुठे गळत नाही ना, ते पाहा. वास येत असेल तर ठिणगी पाडायचीच नाही. मग कॉइलची मधली जाड तार डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढा. रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंच दूर धरा. हाताने धरू नका, जोराचा झटका बसेल. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टचटच वाजणारी ठिणगी पडली तर कॉइल ठीक आहे. दोष पुढे शोधा: टोपी, रोटर, प्लग, नाहीतर पेट्रोल.

ठिणगी नाही पडली, तरी कॉइलला दोष देऊ नका. कॉइलच्या डोक्यावर अधिक आणि उणे अशा खुणा असतात. जुन्या कॉइलवर 'एस डब्ल्यू' आणि 'सी बी' ही इंग्रजी अक्षरे सापडतील. एस डब्ल्यू म्हणजे किल्लीकडची बाजू, सी बी म्हणजे पॉइंटकडची. ही अक्षरे ओळखता आली की निम्मे काम झाले.

किल्ली चालू करून टेस्ट लॅम्पची एक तार इंजिनला, दुसरी किल्लीकडच्या बाजूला लावा. दिवा लागला नाही तर करंटच येत नाही. स्विच आणि वायर पाहा. लागला, तर पॉइंटकडच्या बाजूला लावून सेल्फ मारा. दिवा मिचमिच करतो? मग पॉइंट उघडझाप करतात. राहिले कंडेन्सर, जाड तार आणि कॉइल. स्वस्त कंडेन्सर आधी बदलून पाहावा, असे माझे मत. दिवा सारखा जळतो? पॉइंट मिटत नाहीत, किंवा काळे पडलेत. दिवा लागतच नाही? डिस्ट्रिब्युटरकडची वायर सोडवा. आता लागला तर खोट डिस्ट्रिब्युटरमध्ये किंवा त्या वायरीत आहे. तरीही लागला नाही, तर आतली जाड तार तुटली. आता खुशाल म्हणा, कॉइल गेली!

कधी गाडी तापल्यावर बंद पडते, निवल्यावर सुरू होते. ती ठिणगी गाडी गरम असतानाच तपासा. थंड झाल्यावर कॉइल साळसूद दिसते.

नव्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. तिथे तार काढून ठिणगी पाहू नका, इलेक्ट्रॉनिक भाग जळतील. ती गाडी यंत्र लावून तपासणाऱ्या मिस्त्रीकडे न्या.